टेक्ससमधला नर्स प्रॅक्टिशनरचा करार: माझा अनुभव

एल पासोमधल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे. बी.एस्सी. नर्सिंग महाराष्ट्रात केलं, पुढचं शिक्षण इथे. रुग्ण तपासते, औषधंही लिहून देते. मात्र टेक्ससमध्ये त्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार लागतो. तासाभरावरच्या लास क्रूसेसला, न्यू मेक्सिकोत, हेच काम कराराशिवाय चालतं. मला हा फरक अजूनही पटत नाही.

माझा करार ज्यांच्याशी होता, ते डॉक्टर निवृत्त व्हायचे होते. करार संपला की औषध लिहिण्याचा अधिकारही संपतो. बहुतेक रुग्ण मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे. मेटफॉर्मिन, लिसिनोप्रिल त्यांना कोण लिहून देणार, याच काळजीनं नव्या डॉक्टरांचा शोध सुरू केला. साधारणपणे एका डॉक्टरला पूर्णवेळच्या हिशेबानं 7 जणांशीच असा करार करता येतो, त्यामुळे काहींकडे जागा नव्हती. काहींनी दरमहा मागितलेली फी क्लिनिकला झेपणारी नव्हती.

शेवटी एक डॉक्टर तयार झाल्या. त्यांनी पाठवलेला मसुदा मी ओळ न् ओळ वाचला. नावं, पत्ते, लायसन्स क्रमांक, औषधांचे प्रकार, रुग्ण दुसरीकडे कधी पाठवायचा, सगळं होतं. पर्यायी डॉक्टरांची जागा मात्र कोरी, आणि करार मोडायचा तर किती आधी कळवायचं, याबद्दल अवाक्षर नाही. या दोन गोष्टींवर मी अडून बसले. त्या सुट्टीवर गेल्या किंवा अचानक बाजूला झाल्या, तर हाल रुग्णांचे होणार. त्यांनी सहकारी डॉक्टरांचं नाव घातलं आणि 60 दिवसांची नोटीस मान्य केली. हायड्रोकोडोन या तीव्र वेदनाशामकासारखी शेड्यूल 2 मधली, म्हणजे व्यसनाच्या धोक्यामुळे कडक नियंत्रण असलेली औषधं आमच्या क्लिनिकमधून मला लिहिताच येत नाहीत; तिथे डॉक्टरांची इच्छा असूनही उपयोग नाही, कायद्यानं ती मुभा हॉस्पिटल आणि हॉस्पिस (अखेरच्या आजारातली शुश्रूषा) एवढ्यापुरतीच आहे.

सह्या झाल्यावर त्यांनी टेक्सस मेडिकल बोर्डाकडे ऑनलाइन नोंद केली. आता दरवर्षी करार पुन्हा तपासून सही करायची, आणि दरमहा बैठक. पहिल्या बैठकीत त्यांनी एक केसपेपर काढून विचारलं, "मेटफॉर्मिन निम्मं का केलं?" ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, 40 वर आला होता; मी जुना आणि नवा, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. त्यांनी मान्य केलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं आणि पुढचा केसपेपर उघडला.