दिल्ली–लेह : दहा हजार फुटांवर उतरायला जागाच नसलेली वाट

लेहची विमानं सकाळीच सुटतात, कारण दुपारनंतर तिथल्या खोऱ्यात वारा माजतो. जाताना डावीकडची खिडकी घ्यावी. मनाली मागे पडली की झंस्करच्या रांगा सुरू होतात आणि हवा स्वच्छ असली तर नून-कून ही जोडी दिसते. नून 7,135 मीटर, म्हणजे जवळजवळ 23,400 फूट. या भागावरून जाताना माझं निम्मं लक्ष बर्फाकडे आणि निम्मं डोक्यावरच्या ऑक्सिजन मास्कच्या झाकणाकडे असतं.

बाहेर तीस हजारांवर फूट उंची असली तरी केबिनमधली हवा 8,000 फुटांच्या आतल्या उंचीची राखलेली असते. इंजिनातून काढलेली गरम, दाबाची हवा (हिलाच ‘ब्लीड’ म्हणतात) ‘पॅक’ नावाच्या दोन वातानुकूलन यंत्रांमध्ये थंड होऊन आत येते आणि शेपटीकडच्या आउटफ्लो व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. व्हॉल्व्ह किती उघडा, यावर दाब ठरतो. पॅक बंद पडतात, ब्लीडची नळी गळते, व्हॉल्व्ह अडकतो, दाराचं सील जातं. आणि माणूस चुकतो. सप्टेंबर 2018 मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या बोइंग 737 मध्ये ब्लीडचे स्विच चालू करायचे राहिले आणि प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं. विमान मुंबईला परतलं. ऑगस्ट 2005 मध्ये सायप्रसच्या हेलिऑस कंपनीच्या 737 चा दाबाचा स्विच मॅन्युअलवरच राहिला होता, म्हणजे दाब आपोआप राखला जात नव्हता. भोंगा वाजला, पण वैमानिकांना तो दुसऱ्याच कशाचा तरी वाटला. 121 जण गेले.

35,000 फुटांवर शुद्ध हरपायला अर्धं ते एक मिनिट पुरतं. म्हणून वैमानिक आधी स्वतःचा मास्क चढवतात, मग एकमेकांचं बोलणं ऐकू येतंय का ते तपासतात. 737 वर त्यानंतर दाबाचा मोड मॅन्युअल, आणि आउटफ्लो व्हॉल्व्ह स्वतः बंद करायचा. तरीही दाब आवरेना, तर इंजिनाचा जोर अगदी कमी (थ्रस्ट आयडल), पंखांवरचे स्पीडब्रेक वर, रेडिओवर ‘मेडे’ हा संकटाचा पुकारा, रडारला ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर 7700 हा आणीबाणीचा आकडा, आणि नाक खाली. मिनिटाला पाच-सहा हजार फूट उतरलं तर सपाटीवर चार-पाच मिनिटांत 10,000 फूट, म्हणजे मास्कशिवाय श्वास घेता येईल अशी उंची, गाठता येते.

झंस्करवर ते जमत नाही. आधी डोंगर ओलांडायचे. त्यामुळे कुठपर्यंत मागे मैदानाकडे वळायचं, कुठून पुढे जायचं आणि कोणत्या टप्प्यावर किती खाली यायचं, हे उड्डाणाआधीच आखलेलं असतं. हिशेब फुटांचा कमी, मिनिटांचा जास्त: प्रवाशांच्या डोक्यावरच्या जनरेटरमध्ये रसायनांतून तयार होणारा ऑक्सिजन 737 मध्ये साधारण 12 मिनिटं चालतो, एअरबस ए320 मध्ये 15 च्या आसपास.

केबिनची उंची, म्हणजे आतली हवा जितक्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ ती उंची, 14,000 फुटांच्या आसपास गेली की मास्क पडतात. नुसता तोंडावर धरू नका, आपल्याकडे ओढा. ओढल्यावरच पिन निघून जनरेटर सुरू होतो. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. जनरेटर चांगलाच तापतो, त्यामुळे जळका वास येतो. दाब झटकन गेला असेल तर केबिनभर धुकं पसरतं. दोन्ही वेळा लोक ‘आग, आग’ ओरडतात. श्वास रोखून धरू नका. मुलाआधी स्वतःला मास्क लावा, आणि मोबाईल राहू द्या खिशात.

लेहचा विमानतळ 10,682 फुटांवर, म्हणजे केबिनच्या 8,000 फुटांपेक्षा उंच. त्यामुळे विमान उतरत असताना केबिन मात्र चढत असते. वाटेत बूच घट्ट लावलेली पाण्याची बाटली एरवी उतरल्यावर चेपलेली दिसते, इथे ती टम्म असते. दार उघडण्याआधीच आपण लेहची हवा घेत असतो. धाप लागते ती बॅग उचलताना. परतीला उलट. विमान वर जाताना केबिन खाली येते, म्हणून कानाला दडे टेक-ऑफनंतरच बसू लागतात आणि दिल्लीत उतरताना पुन्हा. सर्दी झालेलं मूल बरोबर असेल तर दोन्ही वेळा त्याला जागं ठेवा, घोट घोट पाणी पाजा.