दोन पानं लिहायला वकील कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ज्येष्ठ नागरिक संघात मृत्युपत्रावर बोलून झालं की चहाच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो: मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, मग त्यात वकील करतो तरी काय?

तुमचं म्हणणं खरंच आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्ये ठरावीक नमुना दिलेलाच नाही. हाताने लिहिलेलं, मराठीतलं, वहीच्या पानावरचंही चालतं. पण लिहिणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे.

पहिलं काम खोली रिकामी करण्याचं. मुलगा वडिलांना घेऊन येतो आणि बोलतोही तोच. त्याला नम्रपणे, पण नक्की बाहेर बसवायचं. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1959 सालीच सांगितलंय की ज्याला लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयाची बाब ठरते आणि तो संशय त्यानेच दूर करायचा असतो. म्हणजे वडिलांना मायेने रिक्षात घालून आणणाऱ्या मुलाचंच पुढे नुकसान व्हायचं. त्याला बाहेर बसवण्यात त्याचंही भलं असतं.

मग कागद. सातबारा, फेरफार, फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट, खरेदीखत. इथे बहुतेकांची समजूत चुकलेली असते. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव आहे म्हणून जमीन एकट्याची होत नाही. ती महसुली नोंद आहे. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहहिस्सेदार झाली, आणि त्यासाठी वडील त्या वर्षी हयात असायला हवेत असं नाही, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट केलं. ‘सगळी शेती थोरल्याला’ असं लिहिलं तरी लेकीच्या हिश्शाला धक्का लागत नाही. भावाबहिणीत पंधरा वर्षांचा दावा मात्र उभा राहतो.

दुसरी समजूत नॉमिनीची. ‘सोसायटीत नॉमिनेशन केलंय, आता काळजी नाही.’ नॉमिनी मालक होत नाही, सांभाळणारा होतो. कंपन्यांच्या शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं, आणि महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंत ‘तात्पुरता सभासद’ म्हटलंय. आयुर्विम्याचं थोडं वेगळं आहे: 2015 पासून पती, पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम सहसा त्यांचीच होते.

माझ्या मते मृत्युपत्राची सगळ्यात जास्त गरज मूलबाळ नसलेल्या विधवेला असते, आणि करायला सगळ्यात शेवटी तीच येते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 नुसार तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घरही तिच्यामागे आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आईवडील त्यांच्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परतते. ज्या दिरांनी तीस वर्षांत दार वाजवलं नाही ते वारस, आणि शेवटपर्यंत औषधं आणून देणारी भाची कोणीच नाही. हे बदलायला मृत्युपत्राचं एक पान पुरतं. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

मजकुरात दोन वाक्यं राहून जातात. ज्याला दिलं तो आधीच गेला तर कोणाला? आणि इथे न लिहिलेलं काही निघालं तर ते कोणाला? दुसरं वाक्य नसेल तर विसरलेली ठेवपावती मृत्युपत्राबाहेर राहते आणि तिच्यासाठी सगळ्या वारसांना पुन्हा जमावं लागतं.

पण मृत्युपत्रं सर्वांत जास्त पडतात ती सहीच्या वेळी. साक्षीदार किमान दोन. करणाऱ्याने त्यांच्यासमोर सही करायची, किंवा ‘ही माझी सही’ असं सांगायचं, आणि त्यांनी करणाऱ्यासमोर. कायद्याने दोघे एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही, तरी तिघांना एका खोलीत बसवावं. कागद शेजाऱ्याकडे पाठवून सही आणली की सगळं संपलं. साक्षीदार म्हणून समवयस्क मित्र घेतात, तेही चुकतं. मृत्युपत्र वीस वर्षांनी उघडतं आणि हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. दोघेही गेले असतील तर हस्ताक्षर सिद्ध करत बसायचं. म्हणून साक्षीदार वयाने लहान, गावातच राहणारे आणि ज्यांना काही मिळणार नाही असे हवेत. ख्रिस्ती व पारशी मृत्युपत्रात तर साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेलं दानच रद्द होतं. वय जास्त असेल तर डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा घ्यावा; डॉक्टरच साक्षीदार झाले तर उत्तम. अंगठा असेल तर मजकूर वाचून दाखवल्याची नोंद हवी. खाडाखोड झाली तर तिथे करणाऱ्याची आणि साक्षीदारांचीही सही हवी, नाहीतर पान नव्याने लिहावं.

मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. गोव्यात नियमच निराळे: जवळच्या वारसांसाठी साधारण निम्मी मिळकत राखीव असते. तिथली मिळकत असेल तर तिथल्याच वकिलाला गाठा.

नोंदणी करावी असंच मी सांगते. पण नोंदवलेल्या मृत्युपत्रानंतर केलेलं साधं मृत्युपत्रही, नीट सिद्ध झालं तर, आधीच्यावर मात करतं. म्हणून प्रत्येक नव्या कागदावर ‘आधीची सर्व रद्द’ असं लिहावं, तारखेसह. मूळ प्रत एकट्याच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवू नका. सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोय कायद्यातच आहे.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे सल्लाही मोफत मिळतो, आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. जाताना कागदांच्या झेरॉक्स न्या, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला घरीच ठेवा.