गुरुवारी संध्याकाळी आम्ही वाचायला बसतो

मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि २००४ साली यांच्या नोकरीमुळे इंग्लंडमधल्या लेस्टरला आले. पुढची आठ वर्षं वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळ्या केल्या. तिथे काही गुजराती आज्या होत्या. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून घालवून दिलं तेव्हा इथे आलेल्या. त्यांनी आयुष्यभर कारखान्यात इंग्रजीत काम निभावलं होतं, पण डिमेन्शियात, म्हणजे स्मृती जाण्याच्या आजारात, नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते. रात्री दोनला त्या हाका मारायच्या आणि मी दुसऱ्या मजल्यावर असले तर खाली कुणाला काहीच उमगायचं नाही. एकदा एक आजी बराच वेळ पाणी मागत राहिली. ती रात्र मी विसरू शकले नाही. माणसाला त्याच्या घरी, त्याच्या भाषेत सांभाळता आलं पाहिजे, हे तेव्हाच मनात पक्कं झालं.

२०१३ साली आम्ही घरपोच केअरची सेवा सुरू केली. चार केअरर, सहा पेशंट आणि एका शिलाईच्या दुकानावरची खोली. आपल्याकडे मावशी पुरवणारा ब्युरो असतो तसंच काहीतरी असेल, असं गावाकडच्यांना वाटायचं. काम तेच आहे: आंघोळ, कपडे, औषधं, चहा-नाश्ता, कुशीवर वळवणं. पण इंग्लंडमध्ये घरी जाऊन अशी अंगसेवा द्यायची तर केअर क्वालिटी कमिशन या देखरेख करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी लागते, जबाबदार मॅनेजर म्हणून स्वतःची मुलाखत द्यावी लागते आणि प्रत्येक केअररची पोलीस नोंद तपासावी लागते. तपासणीला येणारी बाई पाच गोष्टी बघते. सेवा सुरक्षित आहे का, उपयोगी पडते का, मायेची आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे वळते का, आणि चालवणारे नीट चालवतात का. मला हे पाच प्रश्न मनापासून पटतात. मात्र त्यांच्यामागे नियम, सूचना, औषधांचे इशारे, पगाराचे दर असं सतत काहीतरी बदलत असतं, आणि आमच्यासारख्या छोट्या संस्थेत ते वाचायला वेगळं माणूस नसतं. सकाळी सातला कुणी आजारी पडलं तर मॅनेजरच कॉलला, म्हणजे पेशंटच्या घरी, जाते. मेल वाचायचे राहून जातात.

वाचायचं राहिलं तर काय होतं, ते मला २०१९च्या जानेवारीत कळलं.

आमच्या पेशंटमध्ये एक गुजराती बा, म्हणजे आजी, होत्या. नव्वदीला टेकलेल्या. पायांची कातडी कोरडी पडून भेगाळायची, म्हणून डॉक्टरांनी मलम दिलं होतं. आमची केअरर सकाळी आंघोळ घालून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ते चोळायची, मग बा सुती साडी नेसून देव्हाऱ्यासमोर बसायच्या आणि तुपाचं निरांजन लावायच्या. वर्षभर हा क्रम चालला होता. देव्हारा खालच्या कप्प्यात असल्यामुळे बा अगदी जवळ बसायच्या, पदर ज्योतीपासून वीतभर अंतरावर.

डिसेंबर २०१८ मध्ये औषधांवर देखरेख करणाऱ्या एमएचआरए या सरकारी संस्थेने इशारा दिला होता. अशी मलमं कपड्यांत आणि चादरींत मुरतात, वाळतात आणि मग ते कापड भराभर पेट घेतं. मलमात पॅराफिन (खनिज तेलापासूनचं मेण) असो वा नसो, धोका आहेच. गरम पाण्यात धुतल्याने मलम कमी होतं, पण पूर्ण जात नाही. तो मेल माझ्याकडे आला होता आणि तीन आठवडे न उघडता पडून होता. एका रविवारी जुने मेल काढताना तो वाचला आणि माझे हातपाय गार पडले. त्याच दुपारी बांच्या घरी गेले. साडीचा काठ हातात घेतला तर तो मेणचट लागत होता.

निरांजन बंद करा, असं त्यांना सांगणं मला जमलं नाही. सत्तर वर्षांचा नेम होता. मुलगा, सून, बा आणि मी स्वयंपाकघरात बसून बोललो. शेवटी असं ठरलं: सकाळी बा पूजा करतील तेव्हा बॅटरीचा दिवा, आणि संध्याकाळी मुलगा कामावरून आला की उंच कप्प्यावर तुपाचं निरांजन तो लावेल, बा खुर्चीत लांब बसून हात जोडतील. मलम लागलेल्या साड्या बाजूला काढल्या. केअर प्लॅनमध्ये हे सगळं लिहिलं. बा दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी केअररला म्हणाल्या, मुलगा आता रोज देवापुढे उभा राहतो.

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. सुरक्षिततेची कुठलीही सूचना आली की मी दोन मिनिटांत आवाज रेकॉर्ड करते, गुजराती, हिंदी आणि मराठीत, आणि सगळ्या केअररना पाठवते. बसमध्ये, दोन कॉलच्या मध्ये त्या ऐकतात. इंग्रजी पीडीएफ त्यांच्यापैकी कुणी उघडत नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

मग कोविड आला. २५ फेब्रुवारी २०२०च्या सरकारी मार्गदर्शनात, केअर घेणाऱ्या लोकांना लागण होण्याची शक्यता फारच कमी असल्याचं म्हटलं होतं. १३ मार्चला ते मार्गदर्शन मागे घेतलं गेलं. पुढे सूचना इतक्या वेळा बदलल्या, की सकाळी दिलेला निरोप संध्याकाळी फिरवावा लागायचा. त्या वसंतात दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन टाळ्या वाजवायचे. टाळ्या संपल्या की आम्ही चार छोट्या संस्थांच्या मालकिणी आणि एक मालक फोनवर यायचो: मास्क कुणाकडे उरले, कुठला नियम बदलला, कुणी काय वाचलं. कुणी झिंबाब्वेचं, कुणी पोलंडचं, कुणी जालंधरचं, कुणी इथलंच. टेंडरमध्ये आम्ही एकमेकांसमोर उभे असतो, आजही. पण तो फोन कधी बंद पडला नाही. आता गुरुवारी संध्याकाळी सगळे आमच्या खोलीवर येतात. आरोग्य खात्याचं पत्र एक जण वाचून येतो, कमिशनचे बदल दुसरा, पगार आणि कर तिसरी. औषधं गेल्या महिन्यापर्यंत माझ्याकडे होती. स्किल्स फॉर केअर ही संस्था मॅनेजरांचे गट चालवते, तिथेही आम्ही जातो. पण आपल्या अडचणी आपल्याच टेबलावर मोकळेपणी बोलता येतात.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण इथे रुग्णालय फुकट असलं तरी केअर फुकट नाही हे आपल्या लोकांना ठाऊक नसतं. २३,२५० पौंडांपेक्षा जास्त शिल्लक असेल तर खर्च स्वतःचा, आणि ही मर्यादा २०१० पासून हललेली नाही. आमच्या बाजूला एप्रिल २०२५ मध्ये मालकाने पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची वर्गणी) १३.८ वरून १५ टक्के झाला आणि किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं. हे वेतन वाढायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोन घरांमधल्या प्रवासाचा वेळही मजुरीत धरावा लागतो, आणि ते योग्यच आहे. पण सेवेचा दर ठरवताना फक्त घरातली मिनिटं मोजली गेली, तर पावसात बसथांब्यावर उभी असलेली केअरर कुणाच्याच हिशेबात येत नाही. वीस मिनिटांत आंघोळ, कपडे, गोळ्या आणि नाश्ता उरकायला सांगणारे कॉल आम्ही घेत नाही. त्यापायी काही कामं गेली.

२०२३ मध्ये कोल्हापूरची एक मुलगी आमच्याकडे आली. फेब्रुवारी २०२२ पासून केअररना व्हिसा मिळू लागला होता, त्यात ती आली होती. तिच्या आधीच्या मालकाचं परदेशी कामगार ठेवण्याचं लायसन्स गेलं आणि तिच्या हातात नवा स्पॉन्सर, म्हणजे असं लायसन्स असलेला मालक, शोधायला ६० दिवस उरले. गावाकडे एजंटला तिने शेत गहाण टाकून पैसे दिले होते. आमच्याकडे जागा होती, स्पॉन्सर लायसन्स होतं, कागद बावन्नाव्या दिवशी पूर्ण झाले. गावाकडून अजून फोन येतात म्हणून स्पष्ट लिहिते: केअररच्या कामासाठी परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. कुणी त्या व्हिसासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आज आमच्याकडे एकतीस केअरर आहेत. बा गेल्या वर्षी गेल्या, घरीच, स्वतःच्या पलंगावर. कोल्हापूरची ती मुलगी आता सीनियर केअरर आहे आणि गेल्या महिन्यापासून औषधांचे इशारे तीच वाचते. मागच्या गुरुवारी तिने पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात निरोप रेकॉर्ड केला. तीनदा पुसला, चौथ्यांदा पाठवला. दहा मिनिटांत सव्वीस जणींनी ऐकला होता.