'जेवून जा' : दोन शब्दांत गेलेला दीड महिना

मी सांगलीची, दिवसभर नोकरी आणि रात्री आमच्या हौशी ग्रुपची तालीम. गेल्या वर्षी एका एकांकिकेत आईचा रोल मिळाला. घराच्या कागदांवर सही घ्यायला मुलगा आलाय, आई सही करते, तो निघतो आणि ती म्हणते, "जेवून जा." तो न जेवताच जातो. या दोन शब्दांवर माझा दीड महिना गेला.

वाचनाच्या वेळी काहीच अडलं नाही. पण उभी तालीम सुरू झाली आणि सर रोज तिथेच थांबवायला लागले. मी आवाज कापरा करून बघितला, डोळ्यांत पाणी आणलं, मोठा पॉज घेतला, मग तर हेल पण यायला लागला. सर म्हणाले, "अगं, तू मला दाखवतेयस की तुला वाईट वाटतंय. त्याच्याशी कुठे बोलतेयस?"

मग त्यांनी एक किस्सा सांगितला. मॉस्कोत स्तानिस्लावस्की या रशियन दिग्दर्शकाच्या थिएटरमधल्या एका नटाला ऑडिशनला फक्त 'आज संध्याकाळी' एवढंच देऊन त्यातून ४० वेगवेगळे अर्थ काढायला सांगितले होते, रशियनमध्येही ते दोनच शब्द. त्याने आधी चाळीसेक प्रसंगांची यादी केली आणि मग एकेक प्रसंग मनात धरून तेच दोन शब्द बोलला, ऐकणाऱ्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने हे लिहून ठेवलंय. मला यातली 'आधी यादी' ही गोष्ट लागली, कारण मी प्रसंग न धरताच आवाज शोधत बसले होते.

घरी वही घेऊन बसले. भावना नाही लिहिल्या, आईला त्याचं काय करायचंय ते लिहिलं. त्याला थांबवायचंय. त्याला घालवायचंय. लाजवायचंय. सही केली म्हणून राग नाही हे कळवायचंय. अशी बावीस झाली आणि तालमीत आम्ही एकेक करून बघितली, मुलगा करणाऱ्याला आधी न सांगता, त्याला जसं वाटेल तसं त्याने वागायचं. 'जा'वर वजन पडलं की तो सरळ चपला घालायचा. 'जेवून'वर पडलं की वळायचा. शेवट वर उचलला की विनवणी व्हायची आणि तो मान खाली घालायचा, शेवट खाली टाकला की हुकूम. म्हणजे अक्षरं तीच, पण समोरच्याचे पाय बदलत होते!

आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मग ही बाई पोटच्या पोराला 'जा' म्हणतेय ते कशासाठी, हे मला त्या बावीसमध्ये सापडेना. एका रात्री नाटकाचं सामान बघणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याने ताटं आणली होती, मी सहज दोन ताटं मांडायला घेतली, पाठ त्याच्याकडे, पदराने दुसरं ताट पुसता पुसता वाक्य बोलून गेले. 'जेवून' साधं आलं आणि 'जा' जवळजवळ ऐकूच आलं नाही. तिला तो शब्द म्हणायचाच नव्हता! सर काही बोलले नाहीत, पुढचा सीन घ्या म्हणाले.

भरताने नाट्यशास्त्रात याला काकू म्हटलंय, आवाजाचं वळण. साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन प्रकार, म्हणजे बोलून झाल्यावरही काहीतरी मागत राहणारं वाक्य आणि तिथेच पुरं झालेलं. माझं आधीचं प्रत्येक 'जेवून जा' तिथेच पुरं होत होतं.

प्रयोगाच्या दिवशी ते वाक्य झालं आणि मागून चपलांचा आवाज यायला हवा होता, तो आलाच नाही. मी वळले नाही, ताट पुसत राहिले, पाण्याचं भांडं ठेवलं. कडी वाजली, मग बऱ्याच वेळाने दार. मी मांडलेल्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं आणि अंधार झाला.

विंगेत तो म्हणाला, "ताई, पाय निघेना माझा."