मोठे आज्जा

आज म्हाळातली चतुर्दशी. सकाळपासून घरात वड्यांचा वास, आळूची भाजी, खीर, आणि आई दर दहा मिनिटांनी आतून ओरडतेय, काय करूलालास मोबाईलमधे, केळीची पानं आण की जा. बाकी सगळ्यांचा म्हाळ आमच्याकडे पणजोबांच्या तिथीला होतो, आजचा फक्त मोठ्या आज्जांसाठी. लढाईत हत्याराने गेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीला घालतात म्हणून.

मोठे आज्जा म्हणजे माझ्या आज्जांचे थोरले भाऊ. गेले तेव्हा वीस वर्षांचे. माझा मुलगा आता एकवीसचा आहे, बेळगावात कॉलेजला जातो, टॉवेल पलंगावरच टाकतो म्हणून रोज बोलणी खातो. त्याच्यापेक्षा एक वर्षाने लहान पोराला आम्ही पिढ्यानपिढ्या आज्जा म्हणत आलोय, हे मला गेल्या वर्षीपर्यंत कधी जाणवलंच नव्हतं.

गेल्या वर्षी कळलं कारण त्यांचं वय सापडलं. इतकी वर्षं घरात एवढंच माहीत होतं की खानापूरहून चालत बेळगावला आले, कॅम्पात मराठा पलटणीत भरती झाले, मग बोटीने 'तकडं' गेले. तकडं म्हणजे कुठं ते कुणालाच ठाऊक नाही. ट्रंकेत त्यांचं एकच पत्र आहे, पिवळं पडलेलं, घड्यांवर फाटलेलं. त्यात गावाचं नाव नाही, कारण लढाईवरून येणारी पत्रं तपासूनच पुढे सोडायचे आणि कुठे आहोत ते लिहायला परवानगी नसायची. इकडे थंडी फार आहे, द्राक्षांचे मळे आपल्या उसासारखे लांबच लांब आहेत असं लिहिलंय, आणि शेवटी, तांबूचं वासरू केवढं झालं ते कळवा. उत्तर त्यांना मिळालं की नाही देव जाणे.

मग मी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत पडलेल्या जवानांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, साईटवर शोधायला बसलो. सहज सापडलं नाही, कारण आपली नावं साहेबाने त्याच्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली, आडनावाची तीन-चार स्पेलिंगं टाकून बघितली, गावाचं स्पेलिंग तर ओळखूच येत नव्हतं. रात्री दीडच्या सुमाराला एक पान उघडलं. नाव, पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी पलटण, जुलै 1944, वय 20, खाली पणजोबांचं नाव आणि बेळगाव. इटलीत दहन झालेल्या भारतीय जवानांसाठी वेगळं स्मारक आहे, त्यावर त्यांचं नाव आहे. म्हणजे त्यांना अग्नी मिळाला होता. हे वाचून मी तसाच बसून राहिलो, बायकोला उठवलं पण बोलता येईना.

कारण पणजी. बॉडी आली नाही, राख आली नाही, आलं ते नुसतं पत्र, ते मास्तरांनी वाचून दाखवलं. पणजीने ते मानलंच नाही. जिवंत होती तोवर श्राद्ध घालू दिलं नाही, माझं पोर येणार म्हणायची. आजचा हा म्हाळ सुरू झाला तो ती गेल्यावर, माझ्या आज्जीने सुरू केला, जिने या दिराचं तोंडही बघितलं नव्हतं.

त्याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे त्याच महिन्यात गेले, 10 जुलै 1944 ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. सोबतचे सगळे पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळाला, वय 22. त्यांचा तर देहही सापडला नाही, नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर कोरलंय. मी पंचांग बघितलं, त्या वर्षी आषाढी होऊन आठ-नऊ दिवस झालेले. आमच्याकडे चिखलात रोपलावण चाललेली असणार, पणजी शेतातच असणार, आणि तिकडे ही वीस-बावीसची पोरं. मोठ्या आज्जांनी काय केलं, कसे पडले, ते कुठेच लिहिलेलं नाही. मला ते घाडगेंइतकेच वाटतात, घरचा म्हणून नाही, खरंच.

आता तारीख मिळाली तर तिथीला करायचं का, असं आईने भटजींना विचारलं. ते म्हणाले चतुर्दशीच राहू दे, हत्याराने गेलेल्याची हीच. तर तीच ठेवली.

मघाशी पान कौलावर ठेवलं. कावळा लगेच आला नाही. आई पदर डोक्यावर घेऊन अंगणात उभी, वर बघत म्हणाली, त्या इटलीत कावळे असतात काय रे? मी म्हटलं असतील की. मग ती आत गेली आणि अजून एक वडा आणून पानावर ठेवला, वीस वर्षांचा होता, एकाने काय होतंय म्हणाली.