उद्घाटनाच्या दिवशी विझवलेला तंदूर

बेळगावच्या उद्यमबागेत माझं स्टीलचं वर्कशॉप आहे. आजूबाजूला फाउंड्र्या आणि हायड्रॉलिकचे कारखाने, मधे आमचं छोटं शेड. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात लागणारी टेबलं, सिंक, मांडण्या, इडलीचे स्टीमर, बर्नरवरचे धूर ओढणारे हूड हे सगळं आम्ही बनवतो. पत्रा कापायचा, वाकवायचा, आर्गन वेल्डिंग मारायचं, बफिंग करून चकाकी आणायची आणि टेम्पोत घालून जागेवर नेऊन बसवायचं. त्यामुळं शहरात नवं काय उघडणार, हे बोर्ड लागायच्या कितीतरी आधी आम्हाला कळतं.

गेल्या काही वर्षांत हे काम फार वाढलंय. पूर्वी बाहेर खायचं म्हणजे खडेबाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्ली आणि स्टँडच्या आसपासचा भाग. आता तिलकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, सदाशिवनगर, हनुमाननगर, जिकडं जावं तिकडं कॅफे, मोमोज, मंडी बिर्याणी, केकची दुकानं. कारणंही दिसतात. 1998 साली व्हीटीयू, म्हणजे इंजिनिअरिंगची युनिव्हर्सिटी, इथं आली, केएलई संस्थेची कॉलेजं मोठी झाली, बाहेरगावची हजारो पोरं इथं राहू लागली. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आठ-दहा दिवस गावात पाय ठेवायला जागा नसते. गोव्याला चोर्ला घाटातनं जाणारे आणि कोल्हापूरहून येणारे मधे इथंच जेवतात. हे सगळं मला मनापासून आवडतं. माझ्या गावात माणसं धाडस करून पैसे घालतात, दहा-पंधरा जणांना काम देतात, याचा मला अभिमान वाटतो.

पण यातली बरीचशी हॉटेलं मुळात हॉटेलासाठी बांधलेल्या जागेत नाहीत. तिलकवाडीतला जुना कौलारू किंवा स्लॅबचा बंगला, खाली हॉटेल, वर घरमालक, मागं परसू, परसवाच्या भिंतीपलीकडं दुसऱ्याचं घर. पुढच्या खोल्यांच्या भिंती पाडून हॉल होतो. मागची जेवणखोली, न्हाणीघर आणि कोळशाची खोली मिळून स्वयंपाकघर. ज्या खोलीत चार माणसांची आमटी शिजायची तिथं आता सहा मोठे बर्नर जळतात. त्या खोलीत हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात.

ज्या दिवसाबद्दल लिहितोय तो अक्षय्य तृतीयेचा. दुसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडं एका आतल्या रस्त्यावर दोघा भावांनी हॉटेल काढलं होतं. धाकटा पुण्यात नोकरी करून परत आलेला, थोरला इथंच शेती आणि दूध बघणारा. आईच्या हातची चव गावाला द्यायची, शिवाय तंदूर आणि पंजाबी भाज्याही ठेवायच्या, असा बेत. माझ्याकडनं त्यांनी टेबलं, सिंक आणि सर्व्हिस काउंटर घेतला होता. हूड, ब्लोअर आणि तंदूरचं काम दुसऱ्या पार्टीला दिलेलं. सकाळी सत्यनारायण, संध्याकाळी सातला पाव्हण्यांसाठी जेवण. एका सिंकचा पाय हलत होता म्हणून दुपारी मला बोलावलं.

मी आणि माझा हेल्पर तीनच्या सुमाराला पोचलो. पुढचं काचेचं दार ओढलं तर उघडेना. जोर लावला तेव्हा उघडलं आणि सोडल्याबरोबर धाडकन आपटलं. फटीतनं शीळ वाजत होती. आतल्या पोरांनी दाराला पुठ्ठ्याची घडी लावून ठेवली होती. "दाराचा क्लोजर टाइट बसलाय, उद्या माणूस येणार हाय," असं धाकटा म्हणाला. मी मान हलवली, पण ती शीळ डोक्यातनं जाईना. क्लोजर घट्ट असेल तर दार जड लागेल, पण फटीतनं वारा आत का ओढला जाईल?

स्वयंपाकघरात गडबड होती. काकू, म्हणजे त्यांच्या आई, पाटावर बसून मसाल्याचं वाटण बघत होत्या. हूडखाली सगळे बर्नर चालू. छतावर नवा मोठा ब्लोअर घरघरत होता आणि खरं सांगायचं तर ओढत चांगला होता. फोडणीचा ठसका हॉलमधे अजिबात येत नव्हता. थोरला मला तेच कौतुकानं दाखवत होता.

तंदूर तिथं नव्हता. तो मागच्या बाजूच्या लहान खोलीत होता, पूर्वीच्या कोळशाच्या खोलीत. त्याला स्वतःची वेगळी चिमणी, सहा इंची पाइपाची, पंखा नसलेली. गरम हवा आपोआप वर जाते या भरवशावर. तिथं काम करणारा पोरगा ओडिशाचा, वीस-बावीस वर्षांचा. मी सिंकपाशी वाकलो होतो तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर घूम रहा है." मग चौकटीला धरून खालीच बसला. एकदा ओकारी झाली.

सगळे धावले. कुणी म्हणालं उपाशी असेल, कुणी म्हणालं एप्रिलचं ऊन, तंदूरची झळ. काकूंनी लिंबूसरबत दिलं. वरच्या घरमालकांकडं कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर होतं, ते आणलं. आकडा आला 98. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "ऑक्सिजन चांगला हाय, पित्त झालंय," असं ठरलं आणि पोराला त्याच लहान खोलीतल्या बाकावर, दार ओढून, निजवायची तयारी सुरू झाली.

त्याच वेळी मागच्या घरातल्या आजी परसवाच्या फाटकातनं आत आल्या. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी, हातात काठी. त्यांची तक्रार आवाजाची होती. दुपारची झोप गेली म्हणाल्या, ते यंत्र माझ्या खिडकीच्या नीट समोर बसवलंय म्हणाल्या. थोरला हात जोडून समजूत काढत होता. बोलता बोलता आजी म्हणाल्या, "आणि ते बारकं धुराडं तरी कशाला बांधलासा रे? सकाळी पेटवलं तवा धूर येत होता. त्यो मोठा पंखा चालू केल्यापास्नं तिथनं कायच येईना झालंय. मी गॅलरीत बसून बघूलालोय की."

मी हातातला पाना खाली ठेवला.

निखारा चांगला फुलला की तंदूरचा धूर कमी होतो, हे खरं आहे. त्यामुळं आजींच्या सांगण्याचा अर्थ तेवढाच असू शकला असता. पण दाराची ती शीळ, पोराचं डोकं आणि हे एकत्र आल्यावर मला राहवलं नाही. देवापुढं लावलेली उदबत्ती तशीच उचलली आणि मागच्या खोलीत गेलो. तंदूरच्या वर चिमणीचं जे तोंड असतं तिथं धरली. धूर वर जायला हवा होता. तो खाली आला, माझ्या तोंडावर आला आणि दारातनं मोठ्या स्वयंपाकघराकडं ओढला गेला. माझा हेल्पर गोकाककडचा. तो मागं उभा राहून बघत होता. "अण्णा, होगी होरग होगवल्तु," म्हणाला. धूर बाहेर जाईना.

झालं होतं ते असं. मोठा ब्लोअर दर मिनिटाला खोल्याच्या खोल्या भरतील एवढी हवा बाहेर फेकत होता. जेवढी बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत यायलाच पाहिजे. एसीसाठी हॉलच्या खिडक्या काचा लावून बंद केलेल्या. डास आणि धूळ नको म्हणून मागच्या खिडक्याही बंद. मग हवेनं सापडेल ती वाट धरली. पुढच्या दाराची फट ही एक, आणि तंदूरची चिमणी ही दुसरी. जी वाट धूर बाहेर जाण्यासाठी बांधली होती तीच आता बाहेरची हवा आत आणत होती आणि कोळशाचा वायू खोलीत ढकलत होती. त्यात दुपारनंतर आपल्याकडं पश्चिमेचा वारा सुटतो. बेळगावकरांना तो वारा सांगायला नको. चिमणी बुटकी, कठड्याच्या खाली राहिलेली, वर टोपी नाही. वारा थेट तिच्या तोंडात.

निखाऱ्यातनं निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर असता तर पोरगा आधीच बाहेर पळाला असता. शिवाय हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायच्या साध्या यंत्राला त्या दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून 98 दिसलं. हे मला माहीत होतं ते आमच्या धंद्यामुळं. फाउंड्रीवाल्यांकडं या वायूचा धाक जुना आहे.

मी ओरडूनच सांगितलं असावं, कारण काकू दचकून उठल्या. पोराला दोघांनी उचलून परसवात, उघड्यावर आणलं. मागचं दार, सगळ्या खिडक्या उघडल्या. ब्लोअर बंद केला, बर्नर बंद केले. तंदूरमधले निखारे पत्र्याच्या घमेल्यात काढून बाहेर नेऊन विझवले. धाकटा गाडी काढून पोराला दवाखान्यात घेऊन गेला. जाताना मी त्याला दोनदा बजावलं, डॉक्टरांना 'कोळशाचा गॅस लागलाय' असंच सांग, पित्त म्हणू नकोस. रक्त तपासलं आणि तेच निघालं. त्यांनी मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन सुरू केला. साध्या हवेत हा वायू रक्तातनं निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधल्या शुद्ध ऑक्सिजननं तेच काम दीड तासाच्या आसपास होतं. पोरगा रात्री फोनवर त्याच्या आईशी बोलला. त्याच्या आवाजात दम नव्हता, पण तो बोलला.

आता प्रश्न सातच्या जेवणाचा. साडेचार वाजले होते. मेन्यूकार्डात अर्धी पानं तंदूरची. बाहेर फुलांची कमान बांधून झालेली, आमंत्रणं गेलेली, त्यात मुहूर्ताचा दिवस. थोरला माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, ती खिडकी उघडी ठेवून तंदूर चालवला तर? आजच्या रात्रीपुरतं?" मला त्याचं वाईट वाटत होतं. त्याच्या डोळ्यांत कर्जाचे हप्ते दिसत होते. तरी मी नाही म्हणालो. वारा फिरला की खिडकीचा भरवसा नाही. आणि तिथं उभं कोण राहणार? पुन्हा दुसरं कुणाचं तरी पोरच.

उत्तर काकूंनी दिलं. त्या म्हणाल्या, "बंद म्हंजे बंद. पोराच्या जिवावर मला हाटेल नको. तवा लावा, मी भाकऱ्या थापतो." शेजारच्या दोन बायका, वरच्या घरमालकीणबाई, सगळ्या पदर खोचून आल्या. मागच्या आजी खुर्ची टाकून तिथंच बसल्या आणि पिठाला पाणी किती उकळतं हवं ते सांगत राहिल्या.

मी आणि हेल्परनं त्या दोन तासांत जमेल तेवढं केलं. मागच्या दोन खिडक्यांच्या काचा काढून जाळी ठोकली. ब्लोअर पुन्हा सुरू करून उदबत्ती घेऊन फिरलो. खिडकीपाशी धूर आत, हूडपाशी वर. पुढचं दार आता एका बोटानं उघडत होतं. मोटारीखाली रबराचे तुकडे सरकवले, तेवढ्यानं आजींच्या भिंतीकडचा हादरा कमी झाला. पूर्ण गेला नाही.

सातला पाव्हणे आले. नान नाही, रोटी नाही, टिक्का नाही, कारण कुणी विचारलं तर थोरला खरं सांगत होता. मला ते फार आवडलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, जोंधळ्याची भाकरी, शेवटी कुंदा. लोक पोटभर जेवले.

पुढचं काम नंतर माझ्याकडं आलं. तंदूर त्या खोलीतनं काढून मोठ्या हूडखाली आणला. हूड बर्नरच्या आणि तंदूरच्या कडेपेक्षा चारी बाजूंनी अर्धा फूट बाहेर येईल असा वाढवला. पूर्वेच्या बाजूनं, जिथं वाऱ्याचा मारा नाही तिथनं, जाळी आणि फिल्टर लावून ताजी हवा आत आणणारा दुसरा पंखा बसवला. जेवढी हवा बाहेर जाते त्याच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास तो आत आणतो. थोडी कमी ठेवायची, म्हणजे वास हॉलकडं जात नाही. ब्लोअर आजींच्या खिडकीसमोरनं हलवून जिन्याच्या टोपीआड नेला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीला लावला. त्याची किंमत एका बऱ्या मिक्सरपेक्षा कमी आहे. पोरगा बरा होऊन परत आला. आजाराच्या दिवसांचा पगार त्याला मिळाला.

तेव्हापासून माझ्या कोटेशनमधे ताज्या हवेच्या पंख्याची ओळ असतेच. गिऱ्हाईक ती खोडायला सांगतं. परवाच भाग्यनगरमधल्या एका नव्या कॅफेवाल्यानं सांगितलं. कोळशाचा बार्बेक्यू ठेवायचाय त्याला, बंद गाळ्यात. मी ओळ खोडली नाही, काम दुसरीकडं गेलं. फोन करून निदान अलार्म तरी बसव म्हणून सांगितलंय. तो 'हो' म्हणाला. उघडल्यावर मी तिथं जेवायला जाणार आहे आणि आत डोकावून बघितल्याशिवाय उठणार नाही.