दमा आहे, मग दुखण्याची कुठली गोळी चालेल?

निपाणीत माझं मेडिकल आहे. तंबाखूच्या वखारीतून सुटलेल्या बायका संध्याकाळी येतात. "दादा, कंबर लई धरलीया, पर मला दमा हाय. कुठली गोळी चालंल?" तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी आधी विचारतो, दुखण्याची गोळी घेऊन कधी धाप लागली होती का? नाकात मस (मऊ मांसाची वाढ) आहे का? दमा असलेल्या मोठ्या माणसांपैकी शंभरात साधारण ७ जणांना ॲस्पिरिनच्या जातीची औषधं सोसत नाहीत. नाकात मस असेल तर हे प्रमाण बरंच वाढतं. बाकीच्यांना ती चालतात, त्यामुळे सगळ्यांनाच घाबरवणं मला पटत नाही. पण ज्यांना सोसत नाहीत त्यांचं अर्ध्या ते तीन तासांत नाक गळू लागतं, छाती आवळते. ही औषधं शरीरातलं कॉक्स-१ नावाचं एन्झाइम अडवतात आणि श्वासनळ्या आवळणारी ल्युकोट्राइन्स नावाची रसायनं वाढतात. म्हणून ॲस्पिरिन बाधलं तर ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, पाळीत घेतात ती मेफ्ताल, सगळीच वर्ज्य. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

आपल्या भागात आज कोल्हापूरचा डॉक्टर, उद्या बेळगावचा. एका मावशींनी पिशवीतून दोन पाकिटं काढली, एक हिरवं, एक निळं. मागच्या बारीक अक्षरांत दोन्हीकडे ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. "ह्यात पॅरासिटामॉल हाय की," त्या म्हणाल्या. आहे, पण सोबतीला ॲसिक्लोफेनॅकही आहे, ते ॲस्पिरिनच्याच जातीचं, आणि धाप त्यानंच लागते.

नुसतं पॅरासिटामॉल, एका वेळी ५०० मिलिग्रॅम, बहुतेकांना सोसतं. एकदम १००० घेतलं तर काहींना त्रास होतो. एटोरिकॉक्सिबसारखी गोळी अशा बऱ्याच जणांना चालते, पण तिचा पहिला डोस डॉक्टरांसमोरच. आणि "सुई मारा, लवकर उतरंल" असा आग्रह धरू नका; त्या सुईत बहुधा डायक्लोफेनॅकच असतं.

न सोसणाऱ्या औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून आधारकार्डासोबत ठेवा. गोळीनंतर धाप लागली तर पंप घ्या आणि सकाळची वाट न बघता १०८ ला फोन लावा. हा नंबर कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही चालतो. जाताना गोळीचं पाकीट सोबत न्या.